मशीन नसलेलं घर

दाभोळला आमच्या घरी तबकड्या होत्या एकोणतीस,
वाजवायची मशीन नव्हती.
शमसुद्दीन मामू बोटीवर ग्रीझर,
दर बंदरातून एक आणायचा
आणि म्हणायचा, मशीन पुढच्या खेपेला.

पुढची खेप बावीस वर्षं चालली.

म्हणून आम्ही कव्हरंच ऐकली.
दुपारी वेलदूरची लाँच सुटली
की पडवीत चटईवर मांडून बसायचो,
मी, फहमिदा आणि शेजारचा पेवेकरांचा दिगू,
ज्याला हात धुऊन यायची सक्ती होती,
कारण त्याच्या बोटांना कायम फणसाचा चीक.

एक होता पिवळ्या कोटातला,
तोंडाला कर्णा, गाल असे फुगलेले
की दिगू म्हणाला, ह्याची दाढ सुजलीय.
मग गाणंही तसंच ठरलं:
हळू सुरू होतं, रात्री चढतं,
लवंग धरली की थांबतं.

एकावर नुसता निळा रंग,
कोपऱ्यात खुर्ची, नखाएवढी.
ह्यावर आमचं कधी जमलं नाही.
फहमिदा म्हणायची, माणूस उठून गेलाय.
मी म्हणायचे, अजून यायचाय.
दिगू म्हणायचा, छापणाऱ्याची शाई संपली.

एका बाईच्या खांद्यामागे
चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं.
मामू सांगायचा, हे चित्रकाराचं नाही,
अँटवर्पच्या दुकानदाराचं;
घासाघीस करता करता कप टेकवला
आणि मग स्वतःच ओशाळून निम्मे पैसे घेतले.
मला तीच बाई आवडायची.
वाटायचं, चंद्र उगवलाय
आणि हिला कुणी सांगितलेलं नाही.

पाठीमागे मामूचं अक्षर, बॉलपेनचं:
बंदर, हवा, किंमत.
रॉटरडॅम. बर्फ. साडेतीन.
कोलंबो. पाऊस. महाग पडली.
मोंबासा. उकाडा. अब्बास फायरमनच्या पेटीतली.
पुढे किंमत नाही.

ते कव्हर आम्ही पालथंच ठेवायचो.
कुणी शिकवलं नव्हतं.

मामू शेवटी परत आला तो खोकला घेऊन.
मशीनचं कुणी विचारलं नाही.
अम्माने कापराच्या वड्या टाकून टाकून
कसर दूर ठेवली, तरी खाऱ्या हवेने
कडा खाल्ल्याच. पिवळ्या कोटाचं एक कोपर गेलं.

गेल्या मार्गशीर्षात दिगूचा मुलगा
चिपळूणहून मशीन घेऊन आला, जुनी, दुरुस्त केलेली.
आम्ही तिघं साठीपलीकडे, पुन्हा हात धुऊन बसलो.
पहिला मान पिवळ्या कोटाला.
सुई टेकली, खरखर झाली,
आणि एक बाई गाऊ लागली,
पातळ आवाजाची, बहुधा सकाळ असावी तिथे.

आम्हीच. लहानपणी खेळता खेळता
कुणाची तबकडी कुणाच्या घरात घातलेली.
दिगू म्हणाला, बघ, काढली त्याची दाढ.

मग कुठलं गाणं कुणाचं ह्याचा
संध्याकाळपर्यंत नाद सोडला नाही.
चहाच्या वर्तुळामागे निघाली पोपटी लेबलाची
कुठल्याशा सैन्याची कवायत.
फहमिदा म्हणाली, तरीच ती कधी वळली नाही.

निळ्यात हात घातला तर काहीच नव्हतं.
आतल्या घडीवर, जिथे आम्ही कधी डोकावलो नव्हतो:
त्रिएस्ते. वारा. तबकडी फुटलेली.
नुसतं कव्हर घेतलं. पैसे पूर्ण दिले.

दिवा लावायची वेळ झाली. मशीन रिकामीच फिरत होती.
राहिलं होतं एकच, पालथं.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि फहमिदाने
पोळी उलटावी तसं ते उलटलं.

कुत्रा होता. टोपी घातलेला.
एका पंजाने बाजाची पेटी वाजवत होता,
आणि स्वतःवर भलताच खूश होता.

पन्नास वर्षं आम्ही त्याला हसलो नव्हतो.
दिगू आधी सुटला.
मग आम्ही दोघी, पदर तोंडाला लावून,
अब्बास फायरमन, कुठला तू, कोण जाणे,
पण पोट दुखेपर्यंत.